दंडाचे पैसे आणि ओडीलचा ओटा

आमच्या लुइझियानात प्रचारनिधी म्हणजे आमदाराचा दुसरा खिसा. तो खिसा शिवून टाकणारा कायदा माझ्या मेव्हण्यानेच, आमदार क्लोविस गिड्रीने, आणला. आमदारांच्या गैरवापरावर नजर ठेवणाऱ्या आचार मंडळाने ठोठावलेला दंड ज्याचा त्याने पदरचा भरायचा, निधीतून नाही. तेव्हा त्याचा विरोधक ऑरेल डुसेट दंडात गळ्यापर्यंत बुडाला होता, म्हणून क्लोविसला एकाएकी नीतीचा पुळका आला. कायदा मांडतानाच्या त्याच्या भाषणाचा फोटो अजून हमरस्त्यावरच्या फलकावर आहे.

यंदा मंडळाने क्लोविसलाच धरलं. निधीतून त्याने स्वतःच्या बोटीला नवं इंजिन बसवलं होतं. दंड भरल्याशिवाय उमेदवारी अर्ज घेणार नव्हते आणि शुक्रवारी मुदत संपत होती. निधी तुडुंब, घरच्या खात्यात खडखडाट.

मी निधीचा खजिनदार आणि त्याच्या बायकोचा, ओडीलचा, भाऊ. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या मलाच.

"एमील, एखादी फट शोध की."

"फटी तुम्हीच बुजवल्यात, दाजी. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या."

मग त्याची नजर ओडीलच्या साठवणीवर गेली. पुराने स्वयंपाकघर नासलं तेव्हापासून ती अंगणात शेगडी मांडून रांधते. अक्रोडासारख्या पेकानच्या वड्या विकून ती नव्या ओट्यासाठी पैसे जमवत होती.

"निवडून आलो की परत करतो," तो म्हणाला.

"बोट घेतानाही असंच म्हणाला होतास," ती म्हणाली. मला त्याचा संताप आला.

शेवटी फट त्यानेच शोधली. आमच्याकडे गम्बोशिवाय, म्हणजे कोळंबी-भेंडीच्या दाट रश्शाशिवाय, सभेला कुत्रं फिरकत नाही. घर ओडीलच्या नावावर, तेव्हा गम्बो रांधायला प्रचार समितीने तिचं स्वयंपाकघर भाड्याने घ्यायचं, हंगामाचं भाडं आगाऊ, म्हणजे दंडापुरते पैसे घरात. मंडळाने कळवलं, भाडं बाजारभावाने द्या आणि तिथे खरोखर रांधा, मग हरकत नाही. मी ओडीलच्या हातात चेक दिला.

दुसऱ्या दिवशी दारात सुतार.

"अगं, ते दंडाचे पैसे होते," क्लोविस म्हणाला.

"प्रचारनिधीतून दंड? तुझ्याच कायद्यात बसत नाही ते. आणि खरोखर रांधायचं तर ओटा नको? विचार खजिनदाराला."

मी मान डोलावली. इतक्या आनंदाने आयुष्यात कधी डोलावली नव्हती.

गुरुवारी बोट विकली गेली, दंड भरला, अर्ज गेला. बोट घेतली ऑरेलने. पुढे पाद्रीबाबा बोटींना आशीर्वाद देतात त्या मिरवणुकीत तो तिच्यावर स्वतःचं निशाण लावून, हात हलवत आमच्या परसामागच्या कालव्यातून गेला. इंजिन झकास चालत होतं.

क्लोविस बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "एमील, इंजिन आपल्या निधीतलं. त्यावर ऑरेलचा प्रचार चाललाय. म्हणजे मला पुन्हा दंड?"

"मंडळाला विचारतो," मी म्हणालो.

"नंतर विचारा," ओडील नव्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "आधी तो गम्बोचा हंडा घासायला घे, क्लोविस. भाड्यात घासणावळ धरलेली नाही."