शेठच्या मोजणीतलं कडं

मी एक कडं बोलतोय. चांदीचं, चांगलं जाडजूड, आतून घासून गुळगुळीत झालेलं. उद्या सकाळी मला मंचरला सोनाराकडे नेऊन वितळवायचं ठरलंय, म्हणून म्हटलं, त्याआधी चार गोष्टी बोलून घ्याव्यात. हळहळू नका. वितळायची मला सवय आहे.

मागच्या जन्मी आम्ही दोघं होतो. बयाबाईंच्या पायातले तोडे. येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव. बयाबाईंचे पाय दिवसभर गोठ्यातून कांद्याच्या वाफ्यात आणि वाफ्यातून पुन्हा गोठ्यात फिरायचे, आणि आम्ही शेणामातीनं माखून निघायचो. तक्रार काही नव्हती. मग त्यांचे मालक हौशीराम पंचायत समितीवर निवडून आले. अंगावरचा गुलाल धुऊन ते जेवायला बसले, तेव्हा बयाबाईंनी त्यांच्या हाताकडे निरखून पाहिलं.

"आता तुमी चार मान्सांत बसनार. हात असा भुंडा बरा दिसतो व्हय?"

झालं. तोडे मोडले आणि मी जन्माला आलो. पायातून थेट राजकारणात आलेला दागिना तालुक्यात दुसरा नसावा.

एक घोटाळा मात्र झाला. सोनारानं माप घेतलं तेव्हा हौशीराम प्रचारातल्या जेवणावळींनी गरगरीत झाले होते. महिन्याभरात ते मूळ पदावर आले आणि मी सैल पडलो. त्यांनी हात वर केला की मी मनगटापासून सुटायचो तो थेट कोपराशी जाऊन थांबायचो. माझी सगळी कीर्ती या ढिलेपणातून आली.

पंचायत समितीत मतदान हात वर करून होतं. सदस्य नऊ. पाच आमचे, चार समोरचे. आमचे म्हणजे सुदर्शनशेठचे. शेठ पक्षाचे तालुकाध्यक्ष, हमरस्त्यालगतच्या मोठ्या गावचे. ते स्वतः सदस्य नव्हते, पण प्रत्येक बैठकीला मागच्या बाकावर येऊन बसायचे. त्यांची नजर अधू झाली होती आणि चष्मा लावायचा नव्हता, कारण फ्लेक्सवर म्हातारं दिसतं. मग हात मोजायचे कसे? तर ते मला बघायचे. ट्यूबलाइटखाली हौशीरामांचं कडं चमकलं की उरलेले चार हात आसपास असणारच, असा त्यांचा हिशोब. तो कधी चुकलाही नाही.

चुकणार कसा! बादलीचा आवाज आला की गाय जशी पान्हा सोडते, तसा "मंजूर?" हा शब्द कानावर पडला की हौशीरामांचा हात वर जायचा. मी त्यांच्या नाडीवर बसलेला, त्यामुळे आतली गोष्ट मला पक्की ठाऊक. हात सभागृहात वर असायचा आणि मन घरी, कांदा साठवायच्या बराखीत. विषय रस्त्याचा असो, गटाराचा असो की खुर्च्या खरेदीचा, नाडी एका संथ चालीनं चाललेली. माणूस वाईट नव्हता हो. शब्दाला जागणारा होता. फक्त आपण शब्द कशाला दिला, हे विचारायचं त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

साडेचार वर्षं अशीच गेली. मग जिल्हा परिषदेच्या तिकिटाचे वारे वाहू लागले. पांढरे शुभ्र कपडे आणि काळा गॉगल घालणारा आदेश नावाचा एक तरणा कार्यकर्ता तिकिटासाठी हटून बसला. आपणच पक्षाशी जास्त एकनिष्ठ, असं तो भाषणांत सांगायचा, आणि भाषणं फार करायचा.

शेठनी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. "निष्ठा तोंडात नसती, पोरा. हातात असती. मतदान बघ. साडेचार वर्सांत ह्या हौशीरामचा हात एकदा तरी खाली राह्यला का, सांग."

आदेशनं गॉगल काढून पुसायला घेतला. तिकीट हौशीरामांचं ठरलं आणि ते त्यांच्याच गावात, देवळासमोर जाहीर करायचं असंही ठरलं. त्या दिवशी बयाबाईंनी मला चिंचेनं असं घासलं की मला माझीच ओळख पटेना.

संध्याकाळची सभा. सगळं गाव लोटलेलं. बायकांत सर्वांत पुढे नव्या लुगड्यात बयाबाई आणि त्यांना खेटून शेजारची भागूआजी. हौशीराम स्टेजवर शेठच्या बाजूला. शेठ बोलायला उठले आणि त्यांना रंग चढला.

"मंडळी, निष्ठा काय असती ते तुमच्या गावानं तालुक्याला दावलं. आवं, ह्याच्या स्वतःच्या गावचा गुरांचा दवाखाना माझ्या गावाला हलवायचा ठराव आला! दुसरा असता तर रडला असता, रुसला असता. पर ह्यो बहाद्दर! सगळ्यांच्या आधी कडं चमकलं!"

शेठ टाळ्यांसाठी थांबले. टाळी एकच वाजली, ती आदेशची.

माझ्याखालची नाडी एक ठोका चुकली आणि मग धावत सुटली. त्या क्षणी मला कळलं, गावाला जसं हे आत्ता कळत होतं, तसंच हौशीरामांनाही आत्ताच कळत होतं. मला ती बैठक आठवली. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि हौशीरामांचा काढलेला कांदा रानात उघडा पडला होता. खिडकीतून ढग बघत बघतच त्यांनी हात वर केला होता.

भागूआजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हौशा, आपला दवाखाना हलवायला हात कुनी वर केला म्हनतो ह्यो?"

हौशीरामांनी मला सदऱ्याच्या बाहीत ढकललं. कसं तोंड दाखवणार? तो दवाखाना म्हणजे गावाचा आधार. तिथल्या डॉक्टर अश्विनीताई हाक मारताच येतात. गेल्या खेपेला बयाबाईंची चंद्री म्हैस विताना अडली तेव्हा त्यांनीच वेळेवर येऊन म्हैस आणि रेडकू दोन्ही वाचवली होती. हमरस्त्यापर्यंत अडलेली म्हैस न्यायची म्हणजे टेम्पोतच संपायची. आणि चंद्री आता पुन्हा गाभण होती.

शेठनी सारवासारव केली. "आवं, आजून फकस्त तत्त्वतः मंजुरी हाय. पक्कं पुढच्या बैठकीत!"

त्यानं उलट पक्कं कधी होणार, तेच सगळ्यांना कळलं. लोक चहा न घेता उठले.

घरी गेल्यावर मला वाटलं, आता भांड्यांची आदळआपट होणार. काही झालं नाही. बयाबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"आगं, मला खरंच ठावं नव्हतं, कशावर हात वर केला ते," हौशीराम म्हणाले.

"ठावं असून केलं असतं, तर भांडाया तरी आलं असतं," बयाबाई म्हणाल्या. "माझ्या पायातलं मोडून तुमच्या हातात घातलं. हात कुटं जातो, ते मी कधी इचारलं न्हाई. आता इचारते. पुढच्या बैठकीत कुटं जानार?"

हौशीरामांनी मला मनगटावर गोल गोल फिरवलं. ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

समितीची मुदत संपायला दीड महिना असताना ती बैठक आली. पक्षाचा व्हीप निघाला होता: ठरावाच्या बाजूनं मत द्यायचं, नाहीतर कारवाई. शेठ मागच्या बाकावर येऊन बसले. शेजारी आदेश, गॉगल डोक्यावर चढवलेला. सभापती वैजयंतीताई, आमच्याच पक्षाच्या, त्यांनी विषय वाचला. त्या दिवशी हौशीराम अक्षर न् अक्षर ऐकत होते. नाडी अशी उडत होती की मी जागच्या जागी थरथरत होतो.

"ठरावाच्या बाजूनं?"

आणि काय सांगू, हात निघालाच! जवळजवळ पाच वर्षांची सवय ती. टेबलावरून वीतभर उचलला गेला आणि मी घसरायला लागलो. तेवढ्यात डावा हात धावून आला. त्यानं उजव्याला मनगटाशी, म्हणजे मलाच, धरलं आणि खाली खेचलं. थोडी झटापट झाली. शेवटी हौशीरामांनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि त्यावर बसून राहिले. मी खुर्चीत चेपलो गेलो. पुढचं सगळं मी अंधारात ऐकलेलं आहे.

"चार," वैजयंतीताई म्हणाल्या. "विरोधात?"

हौशीरामांचं सगळं अंग एका बाजूला कललं. डावा हात वर गेला होता. भुंडा.

"चार... आणि हौशीरामभाऊ. पाच."

मागून शेठ ओरडले, "कडं कुटंय? कडं दिसंना! मोजनी चुकली, परत घ्या!"

"शेठ, आम्ही हात मोजतो," वैजयंतीताई शांतपणे म्हणाल्या. "दागिने नाही."

सभागृहात हशा उसळला. ठराव पडला. दवाखाना जागेवर राहिला.

खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलं. हौशीरामांनी इतक्या वर्षांत स्वतःच्या मनानं दिलेलं पहिलं मत, आणि ते माझ्याशिवाय दिलं.

पुढचं तुम्हीही ओळखलं असेल. तिकीट आदेशला मिळालं. शेठनी हौशीरामांना गद्दार म्हटलं, शंभर ठरावांची निष्ठा एका हातानं बुडवली म्हणाले. कारवाईचा अर्जही कलेक्टरकडे गेला, पण त्यावर तारीख लागायच्या आत समितीचीच मुदत संपली. इकडे गावकरी घरी आले, अपक्ष उभे राहा म्हणू लागले. हौशीराम म्हणाले, "आधी चंद्री विऊ द्या, राव."

गेल्या आठवड्यात चंद्री व्यायली. पुन्हा अडली होती. अश्विनीताई धावत आल्या. मदतीला हात लावायचा म्हणून हौशीरामांनी मला काढून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. सगळं नीट पार पडलं, रेडकू उभं राहून दूध प्यायला लागलं, अंगण माणसांनी भरून गेलं, आणि मी खुंटीवरच राहिलो. परत हातात गेलोच नाही.

आज हौशीरामांनी मला खुंटीवरून काढून बयाबाईंपुढे ठेवलं. "उद्या मंचरला जाऊ. तुजं तोडं तुला."

"आन पुन्यांदा निवडून आलात मंजी?"

"मंजी भुंडा हात वर करीन. शेठला नाय दिसला तरी चालंल."

बयाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

तर वाचकहो, निरोप घेतो. तुमच्याही गावात कुणाची तरी निष्ठा मोजली जाईल. हात किती वेळा वर गेला, ते अवश्य मोजा. पण तो कशासाठी वर गेला, हेही एकदा विचारा, आणि ज्याचा हात आहे त्यालाच विचारा. मी जवळजवळ पाच वर्षं त्या हातात होतो, शेठच्या मोजणीत सगळ्यात पुढे होतो, आणि तो कशासाठी वर जातोय, हे मला एकदाही ठाऊक नव्हतं.

उद्यापासून मी पुन्हा पायात. शेणामातीत माखेन, चमकणार नाही, मला कुणी मोजणारही नाही. पण बयाबाई कुठे निघाल्यात, हे मला दर वेळी ठाऊक असेल.