गावदेवाची साफसफाई

जागा सोडताना ती आलो होतो त्याहून स्वच्छ करून सोडायची, हा आमच्या शिबिराचा नियम. कॉलेजची मुलं आणायची, उधव्याजवळच्या आमच्या पाड्याबाहेर माळावर तंबू ठोकायचे, त्यांना चूल पेटवायला, वाट ओळखायला, माणसांशी बोलायला शिकवायचं आणि निघताना काडीकचरा उचलायला लावायचं. अकरा वर्षं मी हेच करत होते. पाड्यातली पहिली शिकलेली पोर म्हणून मला त्याचा तोराही होता.

२०१९च्या जानेवारीतली गोष्ट. शेवटच्या दिवशी सकाळी मुलं माळभर पांगली होती, मी तंबूचे दोर सोडत होते. ऋषभ नावाचा मुलगा झाडीच्या कडेवरून ओरडला, "पुष्पाताई, इथे मातीचं फुटकंतुटकं खूप पडलंय. सगळं उचलू?"

"सगळं!" मी मान वर न करता म्हणाले.

ती झाडी म्हणजे आमचा गावदेव. नोव्हेंबरपासून जमीन हलत होती, भिंतींना तडे गेले होते आणि घराघरातून देवाला मातीचा घोडा दिला गेला होता. दिलेला घोडा आमच्यात कुणी हलवत नाही. फुटला तरी तिथंच पडू देतात, पावसात त्याची माती होते. हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं, म्हणून मुलांना शिकवायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. चार दिवस त्यांच्याकडून झाडांची नावं घोकून घेतली आणि एवढं मात्र राहिलं.

झाडीतली साफ, मोकळी जमीन पाहिली तेव्हा कुठे मला ते आठवलं. कचऱ्याच्या गोण्या घेऊन टेम्पो निघूनही गेला होता.

पोटातल्या बाळासाठी संगीतानं दिलेला घोडा त्या गोण्यांत होता. संगीता माझ्या धाकट्या भावाची, लहान्याची बायको. दोन बाळंतपणं घरीच झाली, दोन्ही पोरं गेली. तिसऱ्या खेपेला तिनं दवाखान्यात जावं म्हणून चार महिने मी तिच्या मागे हात धुऊन लागले होते. शेवटी ती कबूल झाली, पण घोड्यावर हात ठेवूनच पाड्याबाहेर पडेन म्हणाली. त्या दिवशी पहाटेपासून तिच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि जीप दुपारी बाराला यायची होती.

ऋषभला मोटारसायकलवर मागे बसवून मी टेम्पोमागे सुटले. जुन्या खदानीत गोण्या ओतून झाल्या होत्या. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून उकरत होतो. पाय, माना, अर्ध्या पाठी. ऋषभ रडत होता. मी त्याच्यावर एकदा भयंकर ओरडले आणि मग पुन्हा उकरायला लागले, कारण सगळं उचला म्हणणारी मीच होते.

एक घोडा तेवढा धड सापडला.

"हाच असेल ना, ताई?"

मला काय ठाऊक! नवस म्हटलं की मी नाक मुरडायची. संगीताचा घोडा मी कधी नीट पाहिलाही नव्हता. ती दवाखान्यात पोहोचली म्हणजे झालं, असं मनाला बजावून मी तो घोडा तिचाच म्हणून आणून देवापुढे ठेवला.

जीप आली. संगीता कमरेवर हात ठेवून झाडीपाशी आली, वाकली आणि तशीच थांबली.

"यो मना नाय. यो शेजारच्या भिकीचा हाय," ती म्हणाली. "मना घोड्यावर तीन टिपके होतं. दोन गेलीं त्यांचं, नि एक याचा. मना घोडा कठं हाय, बाय?"

मी सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"मी नाय जात."

लहान्या विनवत राहिला. कळ आली की ती दोन्ही हातांनी माती धरायची. दोन वेळा मी त्या घरातून लहानसं गाठोडं बाहेर जाताना पाहिलं होतं. नणंदेनं भावजयीच्या पाया पडायचं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. मी पडले. तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

"देव नाय, दागतर वाचवील, तूच बोललीस ना?" ती म्हणाली. "चल मंग. पोर नाय रायलां तं परत पाड्यात येव नको."

जीपमध्ये लहान्या पुढे बसला होता आणि संगीताचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तलासरीचा दवाखाना अजून लांब होता, रस्ता खड्ड्यांचा. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माग ना, बाय," ती पुटपुटली. "मना तोंड नाय आतां. तू माग त्याचेकडं."

"मला येत नाही गं."

खरंच येत नव्हतं. काय म्हणतात, कुठून सुरू करतात, मला काहीच आठवेना.

"बोल, गावदेवा."

"गावदेवा," मी म्हणाले.

एक कळ आली, गेली. तिनं पुन्हा डोळे उघडले.

"बोल, मना चुकलां."

"मना चुकलां."

"पोराला नको धरूस."

हट्टानं आमच्याबरोबर आलेला ऋषभ मागे बसून ऐकत होता, ड्रायव्हर आरशातून पाहत होता. मी ते मोठ्यानं म्हणाले, आणि तिनं पुढचा शब्द सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले.