मानेतली सुई

महाराष्ट्र राज्य झालं त्या सालापासून, म्हणजे चार वर्षं, गजराबाईचं डोकं उठत होतं. उजव्या कानामागून कळ निघायची आणि थेट डोळ्यात घुसायची. मग आपल्याच मेंढरांचं ओरडणं तिला सोसायचं नाही. भूमच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी पोट बिघडलं, बिब्ब्यानं कपाळावर चट्टा उठला, कळ मात्र हटली नाही.

शेवटी भूमच्या डॉक्टरांनीच सोलापूरला चिठ्ठी दिली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मानेच्या वर बोट दाबलं, तशी ती किंचाळली.

"हीच ती नस," ते म्हणाले. "सुई देऊन बधिर करू. गुण दोन महिने टिकेल, नाही तर दोन दिवस. पुन्हा यावं लागेल."

नवरा बलभीम हबकला. "डोस्क्यात सुई? न्हाय साहेब. वाचा गेली म्हंजी?"

"डोक्यात नाही हो, कातडीखाली."

"द्या," गजराबाई म्हणाली. "डोस्कं माझं हाय."

नर्सनं कानामागचे केस भादरले. गजराबाईनं बाकाची कड घट्ट धरली. सुई शिरली तशी आग झाली, मग जडपणा आला आणि उजवी बाजू परक्याची वाटू लागली. हळूहळू कळ विरली. बाहेर टांगे खडखडत होते. ती डोळे मिटून कितीतरी वेळ नुसती ऐकत बसली.

पाचव्या दिवशी कळ परत आली.

"म्या म्हणलं नव्हतं का?" बलभीम म्हणाला.

"डाक्तरनं बी म्हणलं व्हतं, परत यावं लागंल." ती भाकरी बांधू लागली.

"मेंढरं टाकून म्या कसा येऊ?"

"तुमी मेंढरं बघा. येष्टी बार्शीला बदलायची, ठावं हाय मला."

डॉक्टरांनी विचारलं, "एकट्याच आलात?"

"व्हय. तुमची सुई पाच दिस पुरली. आता जरा जास्त पुरंल अशी द्या."

दुसरी सुई सात आठवडे पुरली. त्या वर्षात ती चारदा सोलापूरला जाऊन आली. कळ पार गेली नाही. पण आली तरी बोथट यायची, आणि भर उन्हात कळपामागं चालता यायचं.

पाचव्या खेपेला बलभीम धोतर सावरत स्टँडवर हजर.

"आन मेंढरं?"

"भावाच्या हवाली केली. सुई कशी देत्यात, बघतो तरी."

"चला," गजराबाई म्हणाली, "पर तितं घाबरायचं न्हाय."