पेरूच्या पाल्याचे वर्तुळ

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बशी आहे. चहाची नव्हे, प्रयोगशाळेतली, झाकणाची. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, याची मला अजून खात्री नाही.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटले होते, आपल्यात काहीतरी सुंदर ठेवतील. ठेवले काय, तर जंतू! माझ्यात त्यांचे जेलीसारखे खाद्य ओततात आणि त्यावर जंतू पसरतात. मग पानांच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात. शेजारी पडताळ्यासाठी नुसत्या स्पिरिटची एक आणि डॉक्टरांच्या औषधाची एक. रात्रभर उबदार कपाटात मुक्काम. सकाळी सगळीकडे जंतूंची साय धरते. एखाद्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरले, तर त्यात दम आहे असे समजायचे. सकाळ होईपर्यंत मलाही धीर निघत नाही.

एकदा संशोधन करणाऱ्या ताईंनी पेरूची पाने आणली. त्यांच्या मावशीच्या पायाची जखम चिघळली होती आणि मावशी दवाखान्याचे नाव काढू देत नव्हती.

"पेरूचा पाला लावते की मी! तुझी बशी नाही म्हणाली, तर मुकाट येईन," असे तिने बजावले होते.

ताईंनी घाईघाईने सगळे मांडले. सकाळी पाहतात तो काय, पाल्याच्या चकतीभोवती हे मोठे वर्तुळ! त्या फोन उचलणार, तोच त्यांचे सर वाकून म्हणाले, "अगं, नुसत्या स्पिरिटभोवतीही वर्तुळ आहे की. चकत्या वाळवल्या होत्यास ना?"

ताईंचा चेहरा उतरला. पाल्याचा अर्क स्पिरिटमध्येच काढलेला, आणि चकत्या ओल्याच ठेवल्या गेल्या होत्या. जंतू मारले स्पिरिटने, शाबासकी मिळाली पाल्याला!

मला वाफेत निर्जंतुक करून पुन्हा मांडले. या वेळी चकत्या खडखडीत वाळवल्या. सकाळी स्पिरिटभोवती काहीच नव्हते. पाल्याभोवती बारीकशी कड होती, आणि औषधाभोवती ऐसपैस वर्तुळ.

"मावशी, तयार राहा. आत्ता येतेय न्यायला."

"म्हणजे बशीसुद्धा डॉक्टरला फितूर झाली म्हणायची!" फोनमधून आवाज आला. पण मावशी शब्दाला जागली.

पाय बरा झाल्यावर ती मला बघायला आली. "एवढीशीच?" म्हणाली, आणि पिशवीतून कसलीशी लांबट पाने काढली. "आता हिला हे विचार."

मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडाला आहे, तेव्हा धुताना जपून धरा. आणि मला काही विचारायचे असेल, तर घाई करू नका. त्या लांबट पानांची चकती अजून वाळते आहे. काय निघेल, मलाही ठाऊक नाही.