तीन खाचांची वाटी

मी मातीची एक वाटी आहे. वाकडी, निळ्या रंगाची, काठाला तीन खाचा असलेली. माझ्यातून कधी कोणी काही खाल्लं-प्यायलं नाही. घरात मला ॲशट्रे म्हणत. आता तेही कोणी म्हणत नाही, म्हणून म्हटलं आपणच तोंड उघडावं. तुम्हाला घाई नसेल तर ऐका.

माझा जन्म शाळेतला. दुसरीच्या वर्गात मातीकामाचा तास होता आणि बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या कुणाला तरी देता येईल अशी एक वस्तू करा. कुणी हत्ती केला, कुणी मासा. एकाच्या सशाचे कान गळून पडले, तर त्यानं ते मांजर आहे म्हणून सांगितलं. एक मुलगी मात्र गोळा हातात धरून बराच वेळ विचार करत बसली. मग तिनं अंगठ्यानं दाबून दाबून मला खोलगट केलं आणि पेन्सिल आडवी दाबून काठाला तीन खाचा पाडल्या. बाईंनी विचारलं, या कशाला? ती म्हणाली, "बाबांची सिगरेट ठेवायला. ती सारखी खाली पडते."

 इतर वस्तूंबरोबर बाईंनी मला भट्टीत ठेवलं. त्यांना काहीतरी म्हणायचं असावं, पण सात वर्षांच्या पोरीला काय म्हणणार?

तिचे बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या काचा, गाड्यांवरचे नंबर, सगळं हातानं रंगवायचे. गल्लीत त्यांना पेंटर याच नावानं ओळखत. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या आणि त्यामागे तीन पायऱ्या उतरून एक चौक. मुलीनं मला त्यांच्या हातावर ठेवलं तेव्हा त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि लगेच निळ्या एनॅमलचा डबा उघडला. दोन हात दिले, वाळवलं. येईल त्या गिऱ्हाईकाला दाखवत राहिले, आमच्या छोट्या बाईसाहेबांनी केलंय म्हणून. तोवर त्यांची राख रंगाच्या डब्याच्या झाकणात पडायची. त्या दिवसापासून ती माझ्यात पडू लागली.

दुकानात टर्पेंटाइन असायचं, त्यामुळे काडी ओढायची ती मागच्या पायरीवर. चौकाच्या पलीकडे एका सुताराची शेड होती. पाट्यांच्या फळ्या तोच करून द्यायचा. कुणी जरा फुशारकी मारायला लागला की हा दोन शब्दांत त्याला तासून गुळगुळीत करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं रंधा. सकाळी अकराला आणि दुपारी चारला रंधा चौक ओलांडून यायचा, पेंटर दार उघडून पायरीवर बसायचे आणि मी दोघांच्या मधे.

एकवीस वर्षं मी त्या दोघांच्या मधे बसले. माणसं सिगरेट का ओढतात हे मला कोणी विचारलं तर मी काय सांगणार, पण ओढताना काय करतात ते मला ठाऊक आहे. ती बोलतात. एरवी बोलणार नाहीत असं बोलतात. धुराकडे बघत बोललं की समोरच्याकडे बघावं लागत नाही. रंध्याचं बायकोशी पटत नव्हतं ते मी तिथेच ऐकलं. पेंटरांची बायको अचानक गेली, त्यानंतर महिनाभर ते कोणाशी बोलले नाहीत. पहिल्यांदा बोलले ते त्या पायरीवर.  रंध्यानं दुसरी पेटवून त्यांच्या हातात दिली, बस्स.

त्या वर्षापासून माझ्यातली थोटकं दुप्पट झाली. काठापर्यंत भरायची मी. कधी कधी दोन-दोन दिवस कोणी रिकामी करायचं नाही, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. रिकामेपणा म्हणजे काय ते मला अजून माहीत नव्हतं.

मुलगी मोठी झाली. शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि तिथल्या इस्पितळात तपासणीच्या विभागात कामाला लागली. लोकांना नळीत फुंकर मारायला सांगायची आणि त्यांच्या छातीत किती दम उरलाय ते मोजायची, हे तिचं काम. एकदा सुट्टीला आली तेव्हा तळहातावर मावेल असं यंत्र घेऊन आली. दुकानात बाबा एका पाटीला अस्तर मारत होते. म्हणाली, बाबा, जरा फुंकर मारून दाखवा, नवीन यंत्र आहे, बघायचंय. मला वाटतं तिला यंत्र बघायचं नव्हतं.

त्यांनी तीनदा फुंकर मारली. तिसऱ्यांदा खोकला आला. ती यंत्राकडे बघत राहिली.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या छातीचं वय सांगतंय."

"किती?"

"एक्क्याऐंशी."

पेंटर तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. ते हसले, म्हणाले यंत्र बिघडलंय. तिनं मग स्वतः फुंकर मारून दाखवली आणि यंत्र पुढे धरलं. एकतीस. तिचं खरं वय एकतीस नव्हतं, अठ्ठावीस होतं. पण तेवढा फरक चालतो म्हणाली. त्यानंतर ते हसले नाहीत.

ती रागावली नाही, रडली नाही. मी खिडकीत ठेवलेली होते, तिथून तिनं मला उचललं. मी भरलेली होते. थोटकांकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "मीच करून दिलं तुम्हाला." आणि मला टाकून द्यायला निघाली. त्यांनी तिच्या हातातून मला काढून घेतलं. म्हणाले, वाटी राहू दे. उद्यापासून रिकामी राहील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आधी टर्पेंटाइननं आणि मग साबणानं धुतलं. इतकी वर्षं राखेखाली माझा तळ निळा आहे हे मीच विसरले होते. त्यांनी मला ब्रशांच्या फळीवर ठेवलं.

पहिले तीन दिवस ते पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझारा घालत होते. चौथ्या दिवशी एका दवाखान्याच्या काचेवर नाव लिहायचं होतं. हाताखाली टेकायची काठी धरली, ब्रश उचलला, आणि हात कापायला लागला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. जो माणूस खडूची रेघ न मारता सरळ ओळ लिहायचा, त्याला एक उभी रेघ सरळ येईना. काच तशीच सोडून ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मला तेव्हा कळलं, त्यांना आजाराची भीती वाटत नव्हती. सिगरेट गेली आणि तिच्याबरोबर हातही गेला, ही भीती त्यांना खात होती.

रंध्यानं हे सिगरेट सोडणं थट्टेवारी नेलं होतं. चार दिवसांत परत येशील, तुझी खाच मी राखून ठेवतो, म्हणाला. अकराला तो नेहमीसारखा आला, बसला, पेटवली. पेंटर बाहेर गेले, दोन मिनिटं उभे राहिले आणि काम आहे म्हणून आत आले. चारला तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. पेंटर दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभे राहायचे, काम-बिम काही नसायचं. बाहेर रंधा एकटाच ओढत बसायचा. मधे एक लाकडी दार. मी फळीवरून दोघांनाही ऐकायचे: एकाचा झुरका, एकाचा श्वास.

दुसऱ्या आठवड्यात रंध्यानं विचारलं, येतोस का नुसता बसायला. आतून उत्तर गेलं, नंतर येतो. तिसऱ्या आठवड्यापासून त्यानं यायचं सोडलं. फळ्या करून द्यायचा, पण त्या चौकात भिंतीला लावून ठेवायचा, दार न वाजवता. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. भांडण झालंच नव्हतं.

आता एक गोष्ट कबूल करते. त्यांचं जे चाललं होतं त्याचं मला काही सुख नव्हतं. मी एका फळीवर ब्रशांच्या शेजारी पडून होते. ब्रश रोज कामाला जायचे, परत यायचे, धुतले जायचे. मला कोणी हातही लावत नव्हतं. मी वाट बघत होते की ते हरतील.

सत्तेचाळिसाव्या दिवशी ते हरले. एका शाळेच्या पाटीत त्यांनी एक अक्षर गाळलं होतं. पाटी वर चढल्यावर ते लोकांच्या लक्षात आलं, लोक हसले. दुपारी ते कोपऱ्यावर गेले आणि एक सुट्टी सिगरेट घेऊन आले. मला फळीवरून काढलं, मागच्या पायरीवर ठेवलं, पेटवली. चौक मोकळा होता. पलीकडे रंध्याच्या करवतीचा आवाज येत होता.

मला आनंद झाला. मी खोटं बोलणार नाही.

त्यांनी तीन झुरके घेतले. मग ती माझ्या मधल्या खाचेत ठेवली आणि बघत राहिले. उचलली नाही. ती आपोआप जळत गेली, राखेची लांब कांडी झाली आणि मोडून माझ्यात पडली. त्यांचा चेहरा मला खालून दिसत होता. एकवीस वर्षांत मी इतकं एकटं माणूस पाहिलं नव्हतं. माझा आनंद तिथेच संपला.

त्यांनी मुलीला फोन लावला. शाळेत नापास झालेलं पोर घरी येऊन सांगतं, तसं सांगितलं. "एक ओढली. तीन झुरके. झालं, सगळं वाया गेलं. आता पुन्हा एकपासून."

तिचा आवाज फोनमधून मला स्पष्ट ऐकू येत होता. "एकपासून नाही, बाबा. आज सत्तेचाळिसावाच दिवस आहे. उद्या अठ्ठेचाळिसावा. काही पुसलं गेलं नाहीये."

"असं धरतात?"

"मी धरते," ती म्हणाली.

त्यांनी मला पुन्हा धुतलं. ती माझ्यातली शेवटची राख.

पुढे सगळं सोपं झालं असं नाही. तलफ यायचीच. सकाळच्या चहानंतर यायची, काम संपलं की यायची, काम संपलं नाही तरी यायची. ते पाणी प्यायचे, ब्रश धुतलेले असले तरी पुन्हा धुवायचे. बडीशेप खाऊन खाऊन वजन वाढलं, शर्टाची बटणं ताणली. हात मात्र सावकाश परत आला. त्या फोननंतर पावणेदोन महिन्यांनी असेल, एका वाचनालयाची बारा फुटी पाटी आली. नावाखाली एक सलग रेघ ओढायची होती. अशी रेघ श्वास रोखून ओढतात. श्वास घेतला की ब्रश हलतो. गेली कित्येक वर्षं ते अशी रेघ तीन तुकड्यांत ओढून जोड लपवायचे. त्या दिवशी त्यांनी छातीभर श्वास घेतला, रोखला आणि पाटीच्या कडेनं चालत निघाले. मी मोजत नव्हते, पण फळीवरचं सगळं थांबल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या टोकाला पोचून त्यांनी श्वास सोडला. मागे वळून बघितलं. रेघेत एकही जोड नव्हता.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हे कोणाला तरी दाखवायचं होतं. दुकानात कोणी नव्हतं. मी होते, पण मला कोण मोजतं. ते मागच्या दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि परत आले.

असं वर्ष गेलं, वर सहा महिने गेले. मग एके दिवशी चौकात टेम्पो लागला. रंध्याचे गुडघे गेले होते, मुलानं त्याला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. शेड रिकामी होत होती. सकाळी अकरा वाजता मागचं दार वाजलं.

रंधा पायरीवर बसला. पेंटरही बसले. दार उघडंच राहिलं, म्हणून मला दिसलं. रंध्याच्या वरच्या खिशात सिगरेटचं पाकीट होतं. त्याचा हात खिशाकडे गेला, थांबला, खाली आला. हाताचं काय करावं हे त्याला कळेना. त्यानं गुडघ्यावरचा भुसा झटकला, जो तिथे नव्हता.

मग म्हणाला, "तू आत निघून जायचास ना, मला वाटायचं, तुला माझा वास नकोसा झालाय."

"वास हवाहवासा वाटायचा रे," पेंटर म्हणाले. "म्हणून तर जायचो."

"मग तोंडानं सांगायचं की नाही?"

"सांगायला तुझ्याजवळ बसलो असतो, तर एक मागितली असती."

 रंधा म्हणाला, "आणि मी दिलीही असती, गाढव मी." दोघं हसले. मग टेम्पोवाल्यानं हाक मारली आणि तो उठला. उठताना पेंटरांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

आता चौकाच्या पलीकडे कुणाचं तरी गोदाम आहे. पेंटर अकरा वाजता पायरीवर बसतात. नुसते बसतात. कधी रंध्याला फोन लावतात. पहिल्या दोन-तीन वेळा दोघांनाही काय बोलावं सुचलं नाही. धुराशिवाय बोलायची सवय नव्हती. हल्ली जमतं. कधी पाच मिनिटं, कधी फोन लागतच नाही. मग ते समोर बघत बसतात आणि वेळ झाली की आत येतात.

मी फळीवरच आहे. मला अजून एकटं वाटतं. पण त्यांचा हात चुकून माझ्याकडे आला तर मी मनातल्या मनात म्हणते, नको, पुढे जा, ब्रश तिकडे आहे.

तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला खुशाल एकटं पाडा. आम्ही मातीचे, काचेचे, पत्र्याचे. आमचं काही बिघडत नाही. पण ज्यानं सोडलीय त्याला एकटं पाडू नका. तो दाराच्या आत भिंतीला टेकून उभा असेल. पाकीट घरी ठेवून जा आणि पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल.