दोन चाळीसची मुलगी

“किल्ली विसरलीस ना?” मॅडमनी मान वर न करताच पर्स टेबलावरून पुढे सरकवली. “पुढच्या कप्प्यात आहे. घे आणि पळ. माझं दोन चाळीसचं पोर येईल एवढ्यात.”

दारातली मुलगी हलली नाही. पर्सला तिनं हातही लावला नाही.

“मीच आहे दोन चाळीसची,” ती म्हणाली.

मॅडमनी वही ओढली. ही वही एरवी दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असायची, सुतळीला बांधलेल्या पेन्सिलीसकट. पुढे काय शिकायचं, कोणत्या कामाला जायचं हे ज्याला विचारायचं असेल त्यानं तिच्यात वेळ नोंदवायची. नाव लिहायचं नाही, फक्त तुकडी आणि हजेरी क्रमांक. नाव दिसलं की बाकीची पोरं ‘दवाखान्यात चालला’ म्हणून चिडवतात, म्हणून हा नियम मॅडमनीच केला होता. दोन चाळीससमोर लिहिलं होतं: दहावी ब, एकोणतीस. सकाळी त्यांनी ते वाचलंही होतं. तीनशे पोरांच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या बाईंना पोटच्या पोरीचा हजेरी क्रमांक काही ओळखता आला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“खारू, हे काय नाटक आहे? घरी बोलता येत नाही?”

“घरी नाही येत. म्हणून तर वेळ घेतली. मागच्या सोमवारी लिहिलं, तेव्हा आज नंबर लागला.”

चालायला लागल्यापासून ही मुलगी जमिनीवर कमी आणि कपाटावर, खिडकीच्या गजांवर जास्त असायची, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. शाळेत मात्र मायलेकींचा करार होता. फाटकाच्या आत आई नाही, मॅडम. पाच वर्षं दोघींनी तो इमानानं पाळला होता, आणि आज पहिल्यांदा मॅडमच्या तोंडून घरचं नाव निसटलं होतं.

खारू खुर्चीवर बसली. दप्तर मांडीवर घेतलं.

“मॅडम, इथे बोललेलं खोलीबाहेर जात नाही ना?”

ते वाक्य मॅडमच्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं, त्यांच्याच वळणदार अक्षरात. त्या वाक्याच्या जोरावर त्यांनी भलेभले परतवले होते. एक गृहस्थ तर ‘मी बाप आहे त्याचा!’ म्हणून टेबलावर हात आपटून गेले होते, पण मॅडम बधल्या नव्हत्या.

“जात नाही,” त्या म्हणाल्या.

“घरीसुद्धा?”

“घरीसुद्धा.” आता दुसरं काय म्हणणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यांनी कोरं पान काढलं. हाताला सवय होती, हातानं तारीख टाकली.

“बोल. काय करायचंय?”

“लिफ्टचं काम शिकायचंय. दुरुस्तीचं. तंत्रशाळेत दोन वर्षांचा कोर्स आहे, दहावीनंतर लगेच घेतात.”

मॅडमच्या मनात जे आलं ते चेहऱ्यावर आलं नाही. अठरा वर्षांची सवय होती. फक्त पेनचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, परत लावलं. सहामाहीला एक्याण्णव टक्के. शाखा निवडीचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा होता, आणि तो घरी फ्रिजवर चुंबकाखाली तयार होता. त्यावर मॅडमच्या अक्षरात शाईनं ‘विज्ञान’ लिहिलेलं, खाली मॅडमचीच सही. खारूनं तो फक्त नेऊन द्यायचा होता.

“हे डोक्यात कधी आलं?”

“आपल्या... आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती ना गेल्या वर्षी, तीन दिवस? तेव्हा मेकॅनिककाका गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत काम करत होते. मी शेजारी उभी होते.” बोलता बोलता ती खुर्चीच्या कडेवर आली. “लिफ्ट वर जाते ना, तेव्हा दुसऱ्या बाजूनं जवळजवळ तेवढंच वजन खाली येत असतं. मोटर सगळं उचलतच नाही, ती फक्त फरक उचलते! मला हे कळलं त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही. काका म्हणाले, आवाज कुठून येतोय ओळख. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या चाकातून. तिथूनच निघाला.”

मॅडमना तो दिवस आठवत होता. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा हा एवढा डाग घेऊन कार्टी जिन्यावरून उतरली होती, आणि चार मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तिची हजेरी घेतली होती. पुढचे दोन रविवार डाग घासण्यात गेले. डाग लख्ख आठवला. ‘काय करत होतीस गं वर?’ असं विचारल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

“माहिती काढलीस का काही?” हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत, आणि सगळेच तेव्हा छताकडे बघत.

खारूनं दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. जागा किती, शिकवतं कोण, तिथल्या एका मुलीनं काय सांगितलं, दोन वर्षांनी पुढे इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला कसं जाता येतं. कागदाच्या समासात लिफ्टचं चित्र होतं, दोऱ्यांसकट. इतकी तयारी करून आलेलं पोर मॅडमनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला, आणि वाईटही इतकं वाटलं की त्यांनी पाण्याची बाटली उघडून दोन घोट घेतले.

“घरी सांगायची भीती कोणाची वाटते?”

“आईची.”

“आणि बाबांची?”

“त्यांना माहितीये. दोन महिने झाले. तंत्रशाळा बघायला तेच घेऊन गेले होते.”

दोन महिने! आणि तो मनुष्य रोज मांडीला मांडी लावून जेवतोय, ‘मीठ दे’ म्हणतोय, आणि पोटातलं पाणी हलू देत नाही. मॅडमनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

“आई काय म्हणेल असं वाटतं?”

“आधी मार्कांवरून बोलेल. मग म्हणेल, लोकांना काय सांगू. आणि मग तिचा आवाज चढला की मला काही सुचतच नाही. इथे सुचतं.” मग घाईघाईनं ती म्हणाली, “आई वाईट नाहीये हं. मुलांसाठी ती भांडते. मागच्या आठवड्यात एका काकांना ती इथेच सांगत होती, हाताला अक्कल असणं हीसुद्धा हुशारीच आहे, मुलाला अडवू नका. मी बाहेर बाकावर होते. मला वाटलं, मलापण ह्याच बाई पाहिजेत.”

मॅडम उठल्या आणि खिडकी लावून आल्या. खिडकी तशी काही वाजत नव्हती. परत बसल्या तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यासारखा होता.

“ऐक. आईला तू स्वतः सांगायचं. बाबांच्या मागे लपून नाही. आजच. ती चिडेल, तर चिडू दे. पाच मिनिटं मध्ये बोलायचं नाही. हवं तर घड्याळाकडे बघ. पाच मिनिटांच्या वर कोणाला चिडता येत नाही, दम लागतो. मग परत पहिल्यापासून सांगायचं. ते वजनाचं सांगायचं.”

“पाच मिनिटं पुरतात?”

“बहुतेकांना पुरतात.”

“आईला?”

मॅडमनी विचार केला. “सहा धर.”

खारू खुदकन हसली. दप्तर खांद्याला लावून उठली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मॅडम, एक कोरा फॉर्म मिळेल?”

खण फॉर्मांनी भरलेला होता. ‘हवे तेवढे न्या, पण खोडाखोड नको,’ असं त्या प्रत्येकाला सांगत. आज काहीच न बोलता त्यांनी एक काढून दिला.

दारापर्यंत गेलेली मुलगी परत आली.

“किल्लीपण,” ती खाली बघत म्हणाली. “विसरलेय खरी.”

संध्याकाळी मॅडम घरी आल्या तेव्हा नवरा ओट्याशी घेवडा मोडत होता. शीळ घालत होता. मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की शीळ आपोआप बंद झाली.

“काय गं? काय झालं?”

“कुठे काय!”

“अगं, पण चेहरा...”

“चेहरा असाच आहे माझा. लग्नाच्या आधीपासून.”

बोलायची सोय नव्हती. ‘दोन महिने तोंड शिवून बसलात’ म्हणावं, तर ‘तुला कोणी सांगितलं?’ आलंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्यांनी भांडं पुढे ओढलं आणि कणीक तिंबायला घेतली. फ्रिजवर तो शाईचा फॉर्म तसाच होता.

आपण कसं वागायचं, हे त्यांनी बसमध्ये पक्कं ठरवलं होतं. पोरगी बोलायला आली की हातातलं काम ठेवायचं, बसायचं, शांतपणे ऐकायचं, आणि म्हणायचं, बरं. एकच शब्द. त्यांनी तो दोनदा पुटपुटूनही पाहिला होता, आणि शेजारच्या बाई जरा सरकून बसल्या होत्या.

“आई,” खारू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कोरा फॉर्म होता. “मला विज्ञानाला नाही जायचं. मला लिफ्टच्या दुरुस्तीचा कोर्स करायचाय.”

आणि ‘बरं’ काही आलं नाही.

“एक्याण्णव टक्के!” मॅडम म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना ऐकू आला, आणि तो थांबेना. “एक्याण्णव टक्के काय ग्रीस पुसायला मिळवलेस? रात्र रात्र कोण बसलं तुझ्या गणिताला? तुझ्याएवढी होते तेव्हा मला विचारायलासुद्धा कोणी नव्हतं, आणि तुला सगळं हातात आणून द्यावं, तर तू...” नवरा काहीतरी म्हणायला गेला. “तुम्ही घेवडा मोडा!” तो मुकाट्यानं घेवड्याकडे वळला. “आणि लोकांना काय सांगू मी? गावाला रस्ता दाखवणारी बाई, आणि तिची मुलगी...”

एरवी एवढ्यात खारूची मान खाली गेलेली असायची. पायाच्या अंगठ्यानं ती फरशी उकरत असायची. आज मान ताठ होती. डोळ्यांत पाणी होतं, पण डोळे आईच्या खांद्यावरून पलीकडे, फ्रिजच्या वरच्या घड्याळावर होते.

मॅडमचं वाक्य तिथेच राहिलं. दम खरंच लागला होता. त्यांनी कणकेचे हात तसेच ठेवून स्टूल पायानं ओढलं आणि त्या बसल्या.

घेवडा मोडण्याचा आवाजही थांबला. खारू आणखी एक मिनिट उभी राहिली, पूर्ण. मग तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली.

“लिफ्ट वर जाते ना आई, तेव्हा दुसऱ्या बाजूनं जवळजवळ तेवढंच वजन खाली येत असतं.”

हे सगळं मॅडमचं दुपारी ऐकून झालं होतं. पण दुपारी न दिसलेलं काहीतरी आता दिसत होतं. सात मजल्यांची ती उभी, काळोखी पोकळी, आणि वर, अगदी वर, दोऱ्यांशी वाकलेली ही. तीन वर्षांची असताना कपाटावरून पडली होती. हनुवटीवरची टाक्यांची खूण दिव्याखाली अजून दिसत होती. खारू मोटरवर आली, दाराच्या चाकावर आली, त्या आवाजाच्या गोष्टीवर आली, आणि तिथे तिचं सांगून झालं.

“वर चढतात तेव्हा कमरेला पट्टा असतो का?”

“असतो. दोन असतात. एक सुटला तर दुसरा.”

“दोन्ही लावायचे,” आई म्हणाली.