पुठ्ठ्याखालचा निळा

निळ्या कापडाच्या पट्टीवर मधोमध एक रेघ दिसायला हवी होती. अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली, अर्धी उन्हात. उघड्या भागाचा रंग उतरला की दोन निळ्यांमध्ये सीमा उमटते आणि रंग किती पक्का ते तिच्यावरून ठरते. उर्मिलाने पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली. रेघ नव्हती. दोन्ही बाजू सारख्याच फिक्या झाल्या होत्या.

परळच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत ती कापडाचे रंग तपासायची; गच्चीवर, काचेखाली, ही पट्टी तिनेच लावली होती. नियम एवढाच, की मुदत संपेपर्यंत पुठ्ठा उचलायचा नाही. पण हा निळा रंगखात्यातल्या आनंदाने जमवलेला, त्याचा या रंगावर जीव. म्हणून ती रोज दुपारी वर येऊन पुठ्ठा सरकवून बघत असे. पुष्कळदा तोही यायचा, आणि बोलता बोलता पुठ्ठा तसाच बाजूला राहून जाई.

बोलणे नेहमी शहरांचे.

लालबागच्या चाळीतला आनंदा आणि गिरगावातल्या प्रभूंच्या घरातली उर्मिला. लग्न केले असते तर दोन्ही घरांची दारे बंद झाली असती, आणि मुंबईत वेगळी जागा परवडणारी नव्हती. आफ्रिकेत नव्या गिरण्या निघत होत्या, रंगखात्यातल्या माणसांना मागणी होती. शहर स्वस्त हवे आणि तिथे आपल्यासारखी चार माणसे हवीत, जात न विचारता शेजारी जेवायला बसणारी, एवढ्या अटींवर शोध सुरू झाला. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे ऐन भरात होते. "आधी मुंबई मिळू दे, मग बघू," ती म्हणाली होती.

"मुंबई मिळाल्यावर मुंबई सोडायची? बरा न्याय आहे तुमचा!" आनंदा हसला होता.

नैरोबीची भाडी ऐकून तिने मान हलवली. मोंबासा स्वस्त, समुद्रही होता, पण तिथे ओळखीची निघाली ती मंडळी आपापल्या जातीत घट्ट बसलेली. दारेसलामची नोकरी होता होता राहिली. उरले कंपाला. उर्मिलाची कॉलेजातली मैत्रीण सरोजिनी परजातीत लग्न करून तिथेच राहत होती. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिने खात्रीच दिली. "घर स्वस्त, माणसं आपल्यासारखी. आज हिच्याकडे जेवण, उद्या तिच्याकडे. डोळे मिटून ये."

"आणि तू दिवसभर काय करतेस?"

पदार्थविज्ञानात सगळ्या वर्गाला मागे टाकणारी सरोजिनी परत न्यायच्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत होती. गाठ नीट बसेपर्यंत तिने वर पाहिले नाही.

"जातो गं दिवस," ती म्हणाली.

कंपालात खोट काढण्यासारखे काही उरले नाही. त्यानंतर उर्मिलाने शहरांविषयी विचारणेच सोडले, आणि आनंदाने त्यालाच होकार मानून कंपालाची नोकरी पक्की केली.

जिन्यावर पावले वाजली. खाली रस्त्यात पोरे आरडाओरडा करत पताका बांधत होती. महाराष्ट्र राज्य आता दोन दिवसांवर आले होते.

"काय म्हणतोय माझा निळा?" आनंदाने दारातूनच विचारले.

"वाचता येत नाही."

"म्हणजे नापास?"

"तो नाही. मीच सारखा पुठ्ठा उचलला. झाकलेलंही उडालं."

"तुम्ही? चहात साखर घालतानाही दोनदा मोजणाऱ्या तुम्ही?" तो हसला. मग कठड्याला टेकून उभा राहिला. "आईपण वळली शेवटी. काल विचारत होती, 'चेडू येतला मां?' पोरगी येणार ना, म्हणून. बोटीच्या एजंटाला आज सांगायचंय, एकट्याची खोली की कुटुंबाची. काय सांगू?"

भाडे विचारले, हवा विचारली, माणसे विचारली. इतक्या वर्षांत एकच गोष्ट तिने विचारली नव्हती: तिथे मला काम करायला एखाद्या प्रयोगशाळेत टेबल मिळेल का? वेळेवर विचारले असते तर कदाचित त्यानेच कुठेतरी ते शोधून काढले असते. शहरांत खोट काढणे सोपे होते, म्हणून ती तेच करत राहिली. आता विचारले तर बोट गाठायच्या घाईत तो "मिळेल की" म्हणेल, मनापासून म्हणेल, आणि तिचा त्यावर विश्वास बसणार नाही.

तो वाट पाहत होता. तशी त्याला सवय होती.

उर्मिलाने पट्टी त्याच्या हातात ठेवली. गिरणीत ती त्याला आनंदराव म्हणे. गच्चीवरही तिने ते कधी सोडले नव्हते.

"एकट्याची सांग," ती म्हणाली. "मी येत नाही, आनंदा."